वजनाचा दिवस

मी नोकरीला लागले तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, शाळेतला वजनकाटा रोडावलेली पोरं शोधण्यासाठी होता. वर्षातून एकदा सरकारी डॉक्टर यायचे. मुलांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचे, नखं बघायचे आणि मी शेजारी बसून नावापुढे 'रक्त कमी' असं लिहायचे. काही वर्षांनी पाचवीची मुलं महिन्याच्या महिन्याला शाळेतून तांदूळ घेऊन घरी जायला लागली. पिशवी दोघांत धरून, वाटेत दहादा टेकवत. त्यामुळे दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाल्यावर मुख्याध्यापकांनी मला बोलावून "आता जाड मुलं शोधायची आहेत" असं सांगितलं, तेव्हा मला आधी हसूच आलं.

ते हसले नाहीत. त्यांना स्वतःला साखरेच्या गोळ्या चालू होत्या.

"पुण्याहून एक डॉक्टरबाई येणार आहेत," ते म्हणाले. "लहानपणीच वजन आटोक्यात ठेवायचं, असा त्यांचा उपक्रम आहे. गावाकडची एक शाळा त्यांना हवी होती, आपली घेतली. मॅडम, तुम्ही सायन्सच्या. घरात साखरेचं दुखणंही बघितलंय तुम्ही. हे काम तुम्हीच करा."

ते खरं होतं. आदल्या वर्षी माझ्या सासूबाईंच्या पायाला शेतात खडा लागला. एवढीशी जखम, पण ती भरेना. हळद लावून झाली, मलम लावून झालं. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर किती वाढलीये ते कळलं, आणि शेवटी पायाचा अंगठा काढावा लागला. तीन महिने मी रोज सकाळी शाळेत जायच्या आधी तो पाय धुऊन पट्टी बांधत होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं, "हे घराण्यात उतरतं. बाकीच्यांकडं लक्ष ठेवा."

बाकीच्यांत माझी मुलगी होती. सहावीत होती, आमच्याच शाळेत. गोल चेहरा, भरलेले दंड, मनगटाला वळी. वारूळवाडीत आमच्या आळीत जो तो कौतुकानं म्हणायचा, "पोरगी आजीवर गेली." ते ऐकलं की माझ्या डोळ्यांसमोर तो पट्टी बांधलेला पाय यायचा. मी कुणाला काही बोलायचे नाही. पण ती झोपली की तिच्या पायांची बोटं मी बघून घ्यायचे.

डॉक्टरबाई आल्या. चाळिशीच्या, साध्या, मोठ्या कळकळीनं बोलणाऱ्या. त्यांनी आमच्या मुलांचं जे वर्णन केलं त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या भागात द्राक्षं आणि टोमॅटो आल्यापासून घरं बदलली होती. ज्या पोरांचे बाप शाळेसाठी मैलोन्‌मैल चालले, ती पोरं आता सहा आसनी रिक्षात बसून थेट फाटकाशी उतरत होती. घरी गेली की टीव्हीपुढे. फाटकाबाहेर वडापावची गाडी, शेजारी माळेसारख्या लटकवलेल्या वेफर्सच्या पुड्या. मधल्या सुट्टीत भरलेला डबा तसाच घरी आणि खिशातली नाणी गाडीवर.

ठरलं ते असं. दर तीन महिन्यांनी सगळ्या मुलांची उंची आणि वजन घ्यायचं. उंचीच्या मानानं वजन बरोबर असेल तर हिरवं कार्ड, कमी असेल तर पिवळं, जास्त असेल तर लाल. कार्ड घरी जायचं, पालकांची सही घेऊन परत यायचं. रोज अर्धा तास पळायचं. डबे तपासायचे. मला हे सगळं फार पटलं होतं, हे इथं सांगितलं पाहिजे. तक्ते मीच आखले. रंग कुणीही सांगितले असते तरी मी हो म्हटलं असतं.

पहिला वजनाचा दिवस गणपतीनंतर आला. काटा व्हरांड्यात ठेवला, कारण तिथं उजेड चांगला होता. वर्गावर्गाची रांग. मी काट्यापाशी उभी राहून आकडा वाचायचे आणि टेबलाशी बसलेले एक सर तो लिहायचे. व्हरांड्यात गलका फार, म्हणून आकडा मोठ्यानं वाचावा लागे. पहिल्या दोन वर्गांतच मुलांना खेळ सापडला. आकडा कानावर पडला की मागची पोरं कार्डाचा रंग ओरडायची. मी दोनदा दटावलं. पण मोठ्यानं वाचणं थांबवावं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

सहावीची रांग आली. शाळेत माझी मुलगी मला 'बाई'च म्हणायची, ते आमचं पहिल्यापासून ठरलेलं. ती चपला काढून काट्यावर चढली आणि माझ्याकडे बघितलं. काटा थरथरला, थांबला. सर पेन धरून थांबले होते. मागे पोरं थांबली होती. मला वाटलं, आता आवाज खाली आणला तर सगळे म्हणतील, बाईंनी स्वतःच्या पोरीला वाचवलं. मी तो आकडा इतरांचा वाचला तसाच, कदाचित जरा जास्तच मोठ्यानं वाचला. तो आकडा अजून माझ्या लक्षात आहे, इथं लिहीत नाही.

"लाल," मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

ती खाली उतरली. चपला हातात घेऊन अनवाणी वर्गात गेली.

पालकसभेत एका मुलीचे वडील उठले. हातात लाल कार्ड होतं. "मॅडम, आमी खात्यापित्या घरची माणसं. पोरगी तशी दिसती. त्यात वाईट काय झालं राव?" लोक हसले. मी त्यांना सासूबाईंच्या पायाबद्दल सांगितलं. हसू थांबलं. त्या दिवशी मला वाटलं, सभा जिंकली.

घरी मात्र मी सभा घेतली नाही. सरळ नियमच लावले. एक भाकरी, त्यावर हवी असेल तर अर्धी. भात रविवारी. गूळ-शेंगदाण्यांचा डबा खालच्या फळीवरून उचलून वरच्या फळीवर ठेवला. सकाळी तिला उठवून ओढ्याच्या पुलापर्यंत पळायला लावायचे, मी मागून चालत. तिच्या वडिलांना ते आवडलं नाही. ते पहाटेच टोमॅटोच्या प्लॉटवर जायचे, त्यामुळे बोलायला वेळ कमी. पण एकदा म्हणाले, "शाळा शाळेत ठेव. घरात पोरीला सुखानं खाऊ दे."

"तुमच्या आईचा पाय रोज मी बांधलाय," मी म्हटलं. तो हिशेब मी पुढे करायला नको होता, पण केला.

सासूबाई काठी टेकत स्वयंपाकघरात यायच्या, नातीच्या ताटाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "वाढतं अंग हाय गं तिचं." मग त्यांची नजर स्वतःच्या पायाकडे जायची. माझ्या म्हणण्याला पुरावा म्हणून त्यांचाच पाय होता, त्यांना दुसरं काही बोलता येत नव्हतं.

मुलगी एक शब्द बोलली नाही. इथं मी फसले. ती हट्ट करेल, रडेल, लपून खाईल अशी माझी तयारी होती. तिनं काहीच केलं नाही. अर्धी भाकरी वाढली तर अर्धी खाल्ली. पुढे पुढे ती अर्धीही ठेवायला लागली. "पोट भरलं," म्हणायची. दिवाळीत चुलत भावंडं जमली, फराळाची ताटं फिरली. मी तिला एक करंजी घ्यायला सांगितलं. तिनं ती घेतली, हातात धरून सगळ्यांच्यात बसली, आणि नंतर ती मला देवळीत दिव्याजवळ ठेवलेली दिसली, न चावलेली. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. पोरीला कळायला लागलं, असं मी माझ्या भावाच्या बायकोला सांगितलंसुद्धा.

तिला दुपारी डोकं दुखायला लागलं होतं. अभ्यासाला बसली की वहीवर डोकं टेकून झोपायची. ओठांचे कोपरे चिरले होते. वर्गात दुसऱ्या कुणाच्या मुलीत मी हे पाहिलं असतं, तर लगेच ओळखलं असतं. बारा-तेरा वर्षं मी 'रक्त कमी' हेच तर लिहीत आले होते.

दुसरा वजनाचा दिवस डिसेंबरात होता. त्या दिवशी पुण्याहून डॉक्टरबाई आणि त्यांच्याबरोबर दोन पाहुणे येणार होते. सकाळी थंडी चांगलीच होती. मी तक्ते आणि कार्डं गोळा करण्याच्या गडबडीत होते. मुलगी दप्तर घेऊन दारात उभी राहिली.

"मी पुढं जाते," ती म्हणाली.

"खाल्लंस का काही?"

"हो."

मी ताट बघितलं नाही.

व्हरांड्यात काटा ठेवला. मुख्याध्यापकांनी टेबलावर स्वच्छ चादर अंथरून घेतली होती. पाहुणे खुर्च्यांवर बसले. पाचवी झाली, सहावीची रांग आली. मी प्रत्येकाला काट्यावर घेत होते, आकडा वाचत होते, पण डोळे रांगेत तिला शोधत होते. ती नव्हती. मला वाटलं, मागे असेल, लपली असेल, शेवटी येईल. रांग संपत आली तशी मी तिच्या मैत्रिणीला विचारलं. दोघी एका बाकावर बसायच्या.

ती मान खाली घालून म्हणाली, "बाई, ती शाळेत नाही आली. ती स्टँडवर गेली."

"कशाला?"

"मामाकडं जाते म्हणाली. लोणीला."

माझा भाऊ लोणीला राहतो, आंबेगावच्या पूर्वेच्या टोकाला. नारायणगावहून मंचरला एक गाडी, मंचरला ती बदलून दुसरी. तिथून पुढे भावाची वस्ती गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. अकरा वर्षांच्या पोरीनं यातलं काहीच एकटीनं कधी केलेलं नव्हतं.

आता सांगते ते मी आजवर फार कुणाला सांगितलेलं नाही. रांगेत अजून चार मुलं उरली होती. पाहुणे बघत होते. मी त्या चौघांची वजनं घेतली. चारही आकडे मोठ्यानं वाचले. मग टेबलाशी जाऊन मुख्याध्यापकांना म्हटलं, "सर, माझी मुलगी एकटी एसटीनं गेलीये. मला जायला हवं."

ते पाहुण्यांकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तासाभरात होईल सगळं. मामाकडंच गेलीये ना? पोहोचेल."

"सर, मी निघते," मी म्हटलं आणि पर्स घेऊन निघाले.

स्टँडवर चौकशीच्या खिडकीत कुणाला काही आठवत नव्हतं. मंचरची गाडी जाऊन दीड तास झाला होता. शाळेच्या गणवेशातल्या पोरी दिवसभर चढतात-उतरतात, कोण कोणाकडे बघतं. भावाकडे फोन नव्हता. गावात एका दुकानात होता, तिथं लावला तर नुसती घंटी वाजत राहिली. तिच्या वडिलांना निरोप द्यायचा तर ते प्लॉटवर. मी शेजारच्या दुकानदाराला सांगून ठेवलं आणि मंचरला निघालेल्या जीपमध्ये बसले.

जीप माणसं भरायला जागोजागी थांबत होती. कळंबला तर ड्रायव्हर उतरून चहाच प्यायला. मी जीपमध्येच बसून राहिले. त्या वर्षांत आमच्या भागात बिबट्याची भीती होती. संध्याकाळनंतर पोरांना कुणी एकटं सोडत नसे. भर दुपार होती, लोणीकडे ऊसही तुरळक, तरी मला गाव ते वस्ती ही वाट आणि तिच्या कडेची झुडपंच दिसत होती. ती वाट दिसेनाशी झाली की स्टँड दिसायचा, तिथली माणसं दिसायची. आणि या सगळ्याच्या खाली एक गोष्ट सारखी टोचत होती, की ती पळून कुठं गेली त्यापेक्षा कुणापासून पळाली, हे मला माहीत होतं.

मंचरच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खोलीत एक वयस्कर गृहस्थ बसले होते. मी मुलीचं वर्णन सुरू केलं तसे ते म्हणाले, "सहावीतली ना? व्हती की. इथंच बसली व्हती बाकड्यावर. गाडीतून उतरली अन् चक्कर आली तिला. कंडक्टरनं धरून आणली."

"मग?"

"पाणी पाजलं. डोळे मिटून बसली व्हती. मी केळं दिलं, तर घेतलं न्हाई." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "म्हटलं, पोरी खा, बरं वाटंल. तर म्हणली, आईनं नको म्हणून सांगितलंय. तुमी आई का तिच्या?"

मी हो म्हटलं.

"लोणीच्या गाडीत बसवली तिला. कंडक्टरला सांगितलंय, वळखीच्या माणसाच्या हाती दे म्हणून. काळजी करू नका." मग त्यांनी विचारलं, "पोरगी आजारी हाय का?"

मी नाही म्हटलं. खरं तर मला माहीत नव्हतं.

पुढची गाडी दीड तासानं होती. मी त्याच बाकड्यावर बसले. मला खूप भूक लागली होती, समोर भजी तळत होते, आणि मला उठून एक घास घेण्याचीही लाज वाटत होती.

वस्तीवर पोहोचले तेव्हा उन्हं कलली होती. वहिनी अंगणात ज्वारी पाखडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"वन्सं, आलात व्हय. या. पोरगी हाय, घाबरू नका. गावातल्या फोनवाल्या दुकानदारानं आणून सोडली."

मी तिथंच ओट्यावर बसले.

"आली तवा लई रडली," वहिनी सांगत होती. "मग म्हटलं, आधी जेव. पिठलं केलं व्हतं. न्हाई न्हाई म्हणत बसली. मी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला, मग खाल्ल्या दोन भाकऱ्या. अन् तशीच आडवी झाली." ती माझ्याजवळ बसली. "वन्सं, एक इचारू? काल सकाळपासून पोटात काय न्हाई म्हणत व्हती. असं कसं झालं?"

तिनं टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं. तिला खरंच कळत नव्हतं.

मुलगी आतल्या खोलीत गोधडी पांघरून झोपली होती. मी जवळ बसले. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले, मला बघितलं आणि अर्धवट झोपेत म्हणाली, "बाई, मी उद्या वजन करते."

आम्ही शाळेत नव्हतो. ती मला घरात कधी बाई म्हणाली नव्हती.

मी तिला जवळ घेतलं. मग विचारलं, "माझ्याशी बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तू मोठ्यानं वाचतेस."

एवढंच. मग एकेक सांगायला लागली. आदल्या दिवशी दुपारचा डबा तिनं वाटून टाकला होता. संध्याकाळी पोट दुखतं म्हणाली होती, मला आठवलं. सकाळी आरशात बघितलं तर चेहरा होता तेवढाच गोल दिसला. वजन कमी झालंच नसेल आणि बाई परत तसंच वाचतील, पाहुण्यांसमोर, म्हणून ती निघून आली. "सगळेच करतात असं," ती म्हणाली. "वजनाच्या दिवशी कुणीच खाऊन येत नाही." एक मुलगी आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा पीत नव्हती. आणि एक बारका मुलगा, पिवळं कार्ड मिळू नये म्हणून, चड्डीच्या खिशांत खडे भरून काट्यावर चढला होता. मी त्याचा आकडा वाचला होता. हिरवं कार्ड दिलं होतं.

रात्री आम्ही लोणीलाच राहिलो. तिचे वडील निरोप मिळाल्यावर मोटारसायकलवरून आले. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही, आणि त्यांचं ते न विचारणं मला पुढे बरेच दिवस पुरलं.

दुसऱ्या दिवशी मी आठवीच्या वर्गावर गेले तेव्हा फळ्यावर काही लिहिलं नाही. विचारलं, "परवा रात्री किंवा काल सकाळी, वजन म्हणून कोण जेवलं नाही?"

हात वर आला नाही. सगळे वहीकडे बघत होते.

"माझी मुलगी जेवली नव्हती," मी म्हटलं. "मंचरला चक्कर येऊन पडली. म्हणून विचारते. कुणाला रागावणार नाही."

मागच्या बाकावरची एक मुलगी होती, लाल कार्डवाली. तिनं हात अर्धा वर केला. मग तिच्या शेजारणीनं. मग मुलांच्या बाजूनं. मी मोजले नाहीत. पण खाली राहिलेले हात इतके थोडे होते की पटकन दिसत होते, एवढं सांगते.

मुख्याध्यापक माझ्यावर नाराज होते. पाहुण्यांसमोर शाळेची शोभा झाली असं त्यांना वाटत होतं आणि ते अगदीच चूक नव्हतं. मी वर्गातलं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग बंद करायचं म्हणता का मॅडम? मी स्वतः रोज गोळ्या खातो. या पोरांवर ती वेळ येऊ नये, एवढंच वाटतं मला."

"मलाही तेच वाटतं सर. म्हणून तर पोरगी उपाशी राहिली."

आम्ही दोघांनी मिळून डॉक्टरबाईंना फोन केला. त्या पुढच्या आठवड्यात एकट्याच आल्या. मी भीतभीत सगळं सांगितलं, चार मुलांची वजनं घेतली तेही. मला वाटलं होतं, त्या समजावतील, थोडं तर असं होणारच म्हणतील. त्या बराच वेळ लाल कार्डांचा गठ्ठा हातात फिरवत राहिल्या.

"रंगांची कल्पना माझी होती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मुलांना गंमत वाटेल."

त्यानंतर कार्डं गेली. वजन वर्षातून दोनदा, प्रयोगशाळेत दार लावून, एकेकाचं. मूल काट्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि आकडा फक्त मी बघायचे, मीच लिहायचे. कुणाच्या घरी काही सांगायची गरज वाटली, तर मी किंवा डॉक्टरबाई स्वतः जाऊन सांगायचो. डबे तपासणं बंद झालं. त्याऐवजी मधल्या सुट्टीत सगळ्यांनी मैदानावरच्या झाडाखाली गोल करून बसायचं आणि डबा पूर्ण खायचा, शिक्षकांनीही. पळणं मुलांना शिक्षा वाटायची, म्हणून तो अर्धा तास मुलांच्या हाती दिला. लगोरी, खो-खो, काहीही. त्यातली निम्मी पोरं नुसती उभी राहून गप्पा मारायची. आम्ही ते चालू दिलं. वडापावची गाडी काही हलली नाही. फक्त पोटं भरलेली असल्यामुळे तिच्याभोवतीची गर्दी जरा कमी झाली, असं मला वाटायचं. ते खरं होतं की माझ्या मनाचं समाधान, सांगता येणार नाही.

या सगळ्यानं मुलांची वजनं किती बदलली ते मला माहीत नाही. डॉक्टरबाईंचा उपक्रम दोन वर्षांनी संपला. त्या जाताना म्हणाल्या, "तुमच्या शाळेचे आकडे फार काही दाखवत नाहीत." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. खेळाचा अर्धा तास आणखी थोडा चालला. पुढे दहावीच्या जादा तासांनी तो आधी वरच्या वर्गांचा खाल्ला, मग सगळ्यांचाच.

घरचं सुधारायला मात्र वेळ लागला. मी गूळ-शेंगदाण्यांचा डबा परत खाली आणला, पण माझ्या मुलीनं तो बरेच महिने उघडला नाही. मी वाढलं की ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून लोहाच्या गोळ्या दिल्या. ओठ बरे झाले, दुपारची झोप गेली. सासूबाईंनी एक गोष्ट केली. त्यांनी नातीला आपल्याबरोबर जेवायला बसवायला सुरुवात केली. दोघींची ताटं शेजारी. "तू माझ्याकडं बघ, मी तुझ्याकडं बघते," म्हणायच्या. "तुझ्या आईला तिचं तिचं जेऊ दे." त्यांना भात कमीच चालायचा, तिलाही मग कमीच लागायचा, आणि त्यात कुणी कुणाला काही शिकवत नव्हतं.

मुलगी आता पुण्यात नोकरी करते. अंगानं भरलेलीच आहे. दरवर्षी साखर तपासून घेते, अजून तरी सगळं ठीक आहे. मी त्या रिपोर्टची वाट बघते तशी माझ्या स्वतःच्या रिपोर्टचीही बघत नाही. मागच्या वेळी आली होती, तेव्हा आम्ही जेवायला बसलो. तिनं दुसऱ्यांदा भात घेतला आणि मी बघितलं. बघणार नाही असं ठरवलेलं असतं, तरी डोळे जातात. तिनं ते पाहिलं. रागावली नाही. वरणाची वाटी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "आई, तू जेव. गार होतंय."